रायरांचं मागचं दार

रायरांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला कॉफीच्या आधी गटार मिळे. पाहुणा ओसरीवर चपला काढतो न काढतो तोच ते त्याचा हात धरत, बायकोच्या सोवळ्याला वळसा घालून गोठ्याच्या बोळातून त्याला विहिरीपाशी नेत, मागच्या दाराची कडी काढत आणि म्हणत, "पाहावें." पाहुणा पाहत असे. दारापलीकडे काळं-हिरवं पाणी संथ वाहत असायचं, त्यावर शहरानं टाकून दिलेलं सगळं काही तरंगत असायचं, आणि त्या पाण्यात अर्धा बुडालेला एक गंजका नळ पलीकडच्या वस्तीत जायचा. "हा पिण्याच्या पाण्याचा," रायर सांगत. मग दार लावत, पाहुण्याला परत ओसरीवर आणून बसवत आणि आत हाक मारत, "कापी आणावी." बहुतेक पाहुणे कॉफी नको म्हणत. रायरांना त्यातही एक समाधान मिळत असावं.

मीही तसाच गेलो होतो, माडीवरची खोली भाड्यानं मागायला. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून कुंभकोणमला केली, ती कोणाच्या रागानं हे मला अजून कळलेलं नाही. तिथल्या शिपायानं सांगितलं, "तुमच्या भाषेचे एक रायर आहेत, वकील, आता नगरसेवक आहेत. थोडे..." आणि त्यानं बोट कपाळाशी नेऊन हवेत फिरवलं. त्या गावात कुठल्याही मराठी घरातल्या पुरुषाला रायरच म्हणतात. बाकीचे रायर कुणी ऑडिटर, कुणी डॉक्टर, कुणी गणिताचे मास्तर होते आणि त्यांना त्यांची नावंही होती. आमच्या रायरांना मात्र लोकांनी नावाची गरज ठेवली नव्हती.

मी गटार पाहिलं, परत आलो आणि कॉफी घेतली. रायरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. खोली मला मिळाली.

घरात एकच नियम होता: उंबरठ्याच्या आत तमिळ बोलायचं नाही. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राज्याबरोबर देशावरून आलेले, आणि त्यांनी बरोबर आणलेली भाषा या घरात लोणच्यासारखी मुरली होती. "सगळं" याला ते "अस्कं" म्हणत. "मजला", "तुम्हांस" असं बोलत, आणि मधूनच एखादा तमिळ शब्द इतक्या सहज टाकत की तो परका आहे याची त्यांना कल्पनाच नसे. माझी मराठी मात्र त्यांना भ्रष्ट वाटे. "'पाहिजेल' म्हणजे काय?" ते विचारत. "देशाकडले लोक तुम्ही, भाषेस असें टाकून दिलेंत?" माझ्या घरून येणारं शिळं वर्तमानपत्र ते आधी मागून घेत आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत. बातम्यांत त्यांना रस नव्हता. ते चहाच्या पुडीच्या, केशतेलाच्या, वधू पाहिजेच्या जाहिराती वाचत. चहाची जाहिरात ते ज्या गांभीर्यानं वाचत, त्या गांभीर्यानं मी आमच्याकडे पोथीही वाचलेली ऐकली नाही. एखादं वाक्य आवडलं की आत हाक मारत, "ऐकलेंत कां? देशावर असें म्हणतात!" आतून त्यांची बायको म्हणे, "म्हणूं देत. तुमचा भात निवाला."

मराठी मुलुख त्यांनी कधी पाहिला नव्हता. जावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "भय वाटतें. मजला तेथें कोणी तमिळ म्हटलें तर?"

बाहेरच्या जगात मात्र त्यांना भय म्हणून ठाऊक नव्हतं. ते अपक्ष निवडून आले होते, आणि ते का निवडून आले हे नगरपालिकेला पडलेलं कोडं होतं. उत्तर मागच्या दारापलीकडे होतं. ते गटार म्हणजे एके काळचा कावेरीच्या पाण्याचा वाय्क्काल, शेताला पाणी नेणारा कालवा. शहर वाढलं तसा तो शहराच्या पोटातली घाण वाहून नेऊ लागला. त्याच्या पलीकडे वाय्क्काल गल्ली होती. तिथं फुलं ओवणारे, भांडी घासणारे, पितळेच्या कारखान्यात दिवे घासून चकचकीत करणारे लोक राहत. नळ त्यांचा होता. दर उन्हाळ्यात तो कुठं तरी फुटे आणि गल्लीला कावीळ होई. या गल्लीनं रायरांना एकगठ्ठा मतं दिली होती.

त्या मतांची आठवण त्यांना रोज सकाळी करून दिली जाई. सेल्लम्मा नावाची फुलवाली कालव्यावर टाकलेल्या फळीवरून येऊन मागच्या दारावर थाप मारायची. देवाची फुलं तिच्याकडून येत. रुंद हाडाची, पान खाऊन ओठ लाल झालेली, कुणाचीही भीड न ठेवणारी बाई. दार उघडलं की ती तमिळमध्ये विचारायची, "काय रायरे, ओट मी टाकला. गटार कुठं आहे?"

"तिथंच आहे," रायर म्हणत.

"असू दे, असू दे. तुमच्या घरात विहीर आहे. घाई कशाला?" मग ती फुलांची माळ कोपरापासून बोटांपर्यंत हातावर मोजून तोडायची, वर चार बोटं जास्त सोडायची आणि म्हणायची, "ही देवाला. तुम्हाला नाही."

हा संवाद रोज होई. रायर त्यासाठी अंघोळ करून दाराशी येऊन उभे राहत. एक दिवस ती आली नाही आणि तिच्याऐवजी शेजारीण आली, तर ते दिवसभर चिडचिडे होते.

त्याच सुमाराला केंद्र सरकार मध्यम आकाराच्या शहरांना विकासासाठी पैसे देणार अशी बातमी आली, आणि कुंभकोणमच्या नगरपालिकेत मी आजवर पाहिलेली सर्वांत विद्वान चर्चा सुरू झाली. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसत असे. संध्याकाळी त्या गावात देवळं आणि नगरपालिका यांखेरीज करमणूक नव्हती, आणि नगरपालिकेत चपला काढाव्या लागत नसत.

प्रश्न असा होता: पैसे मागायला दिल्लीला जावं की जाऊ नये? एका पक्षाचं म्हणणं, मद्रासमार्फत मागावेत. दुसऱ्याचं म्हणणं, मद्रासमार्फत मागितले तर ते मद्रासलाच राहतील. एक वयोवृद्ध सदस्य उठून म्हणाले की चोळ राजांच्या काळापासून या नगरीनं कुणापुढं हात पसरलेला नाही. टाळ्या पडल्या. रायर बसल्या जागेवरून म्हणाले, "चोळांना तुमच्या वॉर्डात राहावं लागलं नाही."

शेवटी जायचं ठरलं. मग काय न्यायचं यावर चर्चा झाली, आणि ती पहिलीहून लांबली. नगराध्यक्षांचं पितळी समयांचं दुकान होतं. त्यांच्या मते मंत्र्यांना समई द्यावी. विड्याच्या पानांचे व्यापारी असलेले सदस्य म्हणाले, आपलं पान कोवळं, असं पान दिल्लीत नाही. तिसऱ्यांनी रेशीम सुचवलं. तेवढ्यात रायरांनी पिशवीतून लोणच्याची काचेची बरणी काढली आणि नगराध्यक्षांच्या मेजावर ठेवली. तिच्यात वाय्क्कालचं पाणी होतं.

"हे न्या," ते म्हणाले. "मागायचं तर हे दाखवून मागा. समई पाहून कोण म्हणेल तुम्ही गरीब आहात?"

सभागृहात नाकाला रुमाल लागले. बरणीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. मला वाटतं ते मुद्दामच. इतिवृत्तात 'एका सदस्यांनी एक वस्तू सादर केली' एवढीच नोंद झाली. नगराध्यक्षांनी मग या नगरीच्या वैभवावर भाषण सुरू केलं. रायरांनी आपली काळी छत्री सभागृहातच उघडली आणि भाषण संपेपर्यंत तिच्याखाली बसून राहिले. हे ते नेहमी करत. सुरुवातीला त्यावर हरकतीचा मुद्दा निघे. नंतर छत्री उघडली की भाषण चांगलं चाललंय असं सगळे समजू लागले.

शिष्टमंडळ दिल्लीला गेलं. समई गेली, पानं गेली, रेशीम गेलं. बरणी आणि रायर मागे राहिले. मंडळी परत आली तेव्हा स्टेशनवर नादस्वरम वाजत होतं आणि प्रत्येकाच्या गळ्यात हार होता. काय आणलंत, असं कुणी तरी विचारलं. त्यांनी एका इमारतीपुढे उभं राहून काढलेला फोटो आणला होता. आणि एक आश्वासन: पाहणीसाठी एक मोठा अधिकारी येईल, तो लिहील त्यावर सगळं ठरेल.

आता तिसरी चर्चा सुरू झाली. अधिकाऱ्याला काय दाखवायचं? रायर उभे राहिले आणि त्यांनी साधा ठराव मांडला: पाहुण्यांना स्टेशनवरून थेट वाय्क्काल गल्लीत न्यावं. रस्ते झाडू नयेत, गटारांवर पावडर टाकू नये, काही झाकू नये. मग पानवाले सदस्य दुखावल्या आवाजात म्हणाले, "रायर, घरी पाहुणा आला तर तुम्ही त्याला आधी संडास दाखवता का?"

"दाखवतो," रायर म्हणाले. "या गावात कुणालाही विचारा."

सगळे हसले. नगराध्यक्ष म्हणाले की दिल्लीचा माणूस या गावच्या पाहुणचाराची आठवण घेऊन परत गेला पाहिजे. मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं एकच हात वर गेला, तोही छत्रीसकट.

त्या संध्याकाळी सेल्लम्मा फुलं नसतानाही मागच्या दाराशी आली. तिची मुलगी वळ्ळी पापनाशमला दिली होती आणि तिला पहिलं मूल होणार होतं. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, ही तिथली रीत. त्यात तडजोड नसते. पण सेल्लम्मानं तडजोड करायचं ठरवलं होतं. उन्हाळा तोंडावर होता. ती म्हणाली, "मी तिला माझ्या भावाकडं ठेवणार, चोळपुरमला. लोक काय बोलायचं ते बोलतील. या नळाचं पाणी मी माझ्या पोरीला पाजणार नाही."

"बरोबर आहे," रायर म्हणाले. "इथं आणू नको."

"तुम्ही गटार हलवलंत तर आणते."

"मी हलवीन तेव्हा सांगेन."

हे बोलताना ते हसले नाहीत. एवढं मला स्वच्छ आठवतं, कारण त्या दोघांचं न हसता झालेलं ते पहिलंच बोलणं होतं.

मग कळलं की येणारा अधिकारी मराठी आहे.

ही बातमी मीच त्यांना दिली. बँकेत छापील कार्यक्रमपत्रिका आली होती आणि आडनाव लपत नव्हतं. रायरांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला, आडनाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग आत जाऊन बायकोला वाचून दाखवलं. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, "डांगर पचडी करायची. अस्कं आपल्या पद्धतीनें करायचें." डांगर पचडी म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, त्या लोकांत ती सणालाच होते.

अधिकारी आला. गावानं जे करायचं ते केलं. स्टेशनपासून विश्रामगृहापर्यंत केळीचे खांब लागले, रांगोळ्या निघाल्या, गटारांच्या कडेनं पांढऱ्या पावडरीच्या रेघा पडल्या, भटजींनी पूर्णकुंभ दिला, नादस्वरम वाजलं, शाल पडली. अधिकारी गोरापान, हसरा, भला दिसणारा माणूस होता. रायर गर्दीतून छत्रीनं वाट काढत पुढे गेले आणि मराठीत म्हणाले, "गरिबाचे घरीं जेवावयास यावें."

तो चकित झाला. "अरे वा! तुम्ही मराठी? इथं?"

नगराध्यक्षांना काय घडतंय ते कळायच्या आत निमंत्रण स्वीकारलं गेलं होतं.

रायरांची योजना पक्की होती, आणि ती मला ठाऊक होती. सेल्लम्मा आणि गल्लीतल्या बायका घागरी, कळशा भरून कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभ्या राहणार. रायर पाहुण्याला नेहमीप्रमाणे आधी मागच्या दारी आणणार, कडी काढणार आणि म्हणणार, "पाहावें." जेवण मग.

पाहुणा आला तेव्हा मी ओसरीवर होतो. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, बहुधा मराठीचा. अधिकाऱ्यानं चपला काढल्या. रायरांनी त्याचा हात धरला. आणि मग ते थांबले. बोळाकडे बघून त्यांनी हात सोडला आणि म्हणाले, "बसावें. आधीं बसावें. लांबून आलां."

घरात उदाचा धूर इतका दाट होता की समईच्या ज्योती धुक्यात दिसत होत्या. मागचं दार बंद होतं. ऊद कुणी जाळला, दार कुणी लावलं, हे मला विचारावं लागलं नाही. रायरांच्या धोतरावर निखाऱ्याची राख पडलेली होती.

केळीच्या पानावर वाढलं गेलं. अधिकारी खुशीत होता. रायर बोलू लागले तसा तो हसू लागला. वाईट अर्थानं नव्हे, मोहरून. "काय बोलता हो तुम्ही! अगदी बखरीतलं! आमच्या मिसेसना ऐकवायला हवं." रायरांचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी आपलं मूळ गाव सांगितलं. अधिकारी म्हणाला, "हो, गेलोय ना मी, दौऱ्यावर." रायरांनी जेवता जेवता हात थांबवला. "नदी आहे कां तेथें?"

"आहे ना. छोटीशी."

"आमचे घरीं सांगत, नदी आहे." ते बायकोकडे वळले. "आहे म्हणतात!"

त्याच वेळी मागच्या दारावर थाप पडली. एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. ती थाप आम्ही सगळे रोज ऐकत होतो. रायरांच्या बायकोनं वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं.

"थांबतील," रायर म्हणाले. "भात वाढ."

थाप तिसऱ्यांदा पडली नाही.

कॉफी झाली तेव्हा मोटारीचा भोंगा वाजू लागला होता. नगराध्यक्ष ओसरीच्या पायरीवर येऊन घड्याळ पाहत होते. पापनाशममार्गे तंजावर गाठायचं होतं. रायर एकदम भानावर आल्यासारखे उठले. "तें वाय्क्काल, नळ... दोन मिनिटें पाहावयाचें होतें."

अधिकाऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही सांगितलंत म्हणजे मी पाहिल्यासारखंच की! परक्या माणसानं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या गल्लीचं काम आधी धरायला सांगतो. महिन्याभरात नळ हलेल. करून टाकू."

तो गेला. रायर धावत बोळातून मागे गेले, मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी कडी काढली. पलीकडच्या काठावर बायका भर उन्हात उभ्या होत्या, कडेवर घागरी तशाच. सेल्लम्मा फळीवर, दाराच्या अगदी पुढ्यात.

"झालें!" रायर तमिळ विसरून मराठीतच ओरडले, मग तमिळमध्ये म्हणाले, "सगळं झालं! दिल्लीवाला आपला माणूस निघाला! महिन्याभरात नळ हलणार!"

सेल्लम्मानं त्यांच्या मागे, रिकाम्या बोळात पाहिलं. "त्यांनी बघितलं?"

"बघायची गरजच नाही. मी सांगितलं."

तिनं घागर दुसऱ्या कडेवर घेतली. "जेवले?"

"पोटभर."

"मग बरं," ती म्हणाली. "मग वळ्ळीला इथंच आणू?"

"आण," रायर म्हणाले. "बेशक आण."

मी त्यांना संध्याकाळी म्हटलं, "रायर, आमच्याकडे 'करून टाकू' सगळेच म्हणतात. मी बँकेत दिवसातून कितीदा तरी म्हणतो. जरा थांबा, तिला आणायला सांगू नका." ते माझ्यावर जन्मात एकदाच रागावले, ते त्या वेळी. ज्या माणसानं मद्रासच्या मंत्र्यांवर, जिल्ह्याच्या साहेबांवर, नगराध्यक्षांच्या एकाही शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, तो मला म्हणाला, "मराठींत सांगितलें त्यांनी. माझे घरीं, माझे पानावर बसून. तें खोटें असेल? तुम्हांस भाषेची किंमत नाहीं."

वळ्ळी आली. सातव्या महिन्यात तिच्या हातात बांगड्या भरण्याचा कार्यक्रम झाला, त्याला रायरांच्या बायकोनं हिरव्या काचेच्या बांगड्या पाठवल्या. कालव्यापलीकडून त्यांची किणकिण ऐकू येई. ती ठेंगणी, आईसारखीच तोंडाळ मुलगी होती. एका सकाळी आईच्या जागी तीच फुलं घेऊन आली आणि म्हणाली, "रायरे, ओट टाकायचं माझं वय झालं. कुणाला टाकू? नळ हलवणाऱ्याला की जेवू घालणाऱ्याला?" रायर खूप वेळ हसले.

महिना झाला. नळ होता तिथंच होता. रायर नगरपालिकेत गेले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की वरून काही आलेलं नाही. ते पुन्हा गेले. मग रोज जाऊ लागले. परत आले की ओसरीवर न बसता सरळ मागच्या दाराशी जाऊन उभे राहत आणि नळाकडे पाहत, जणू तो त्यांच्या पाठीमागे हलून परत जागेवर येत असावा. चोळपुरमला घेऊन जा तिला, असं त्यांनी सेल्लम्माला अखेर सांगितलं. ती म्हणाली, "आता? दिवस भरत आलेत. बैलगाडीत घालून नेऊ?"

उन्हाळ्यात नळ फुटला. गल्लीत कावीळ आली, दरवर्षीसारखी. बाकीच्यांचे डोळे पिवळे झाले, ते लिंबू-भातावर पडून राहिले आणि उठले. गर्भारपणी ती कावीळ वेगळीच असते, हे डॉक्टरांनी रायरांना इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं. रायरांनी ते समजल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी वळ्ळी गेली. मूल तिच्या आधी गेलं होतं.

काही आठवड्यांनी नगरपालिकेत दिल्लीचं उत्तर वाचून दाखवण्यात आलं. अधिकाऱ्यानं शहराची स्वच्छता समाधानकारक आढळल्याचं लिहिलं होतं. पैसे अधिक निकड असलेल्या शहरांना जाणार होते. शेवटी नागरिकांच्या पाहुणचाराच्या परंपरेचं मनापासून कौतुक होतं. तेवढा भाग नगराध्यक्षांनी दोनदा वाचला आणि त्यावर बोलायला उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा सवयीनं रायरांच्या छत्रीकडे गेल्या. ती मिटलेलीच राहिली. पूर्ण भाषण त्यांनी उघड्या डोक्यानं ऐकलं.

त्यानंतर मी त्यांना मराठी बोलताना ऐकलं नाही. बायको मराठीत विचारी, ते तमिळमध्ये उत्तर देत. माझं वर्तमानपत्र ओसरीवर घडीसकट पडून राही. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर ते शांतपणे माझे उच्चार दुरुस्त करत. उंबरठ्याचा नियम कुणी मोडला आणि कधी, यावर त्या घरात कधी बोलणं झालं नाही.

सेल्लम्मा सुतक संपल्यावर पुन्हा फुलं घेऊन येऊ लागली. दारावर थाप, दार उघडणं, हातावर माळ मोजणं, वर चार बोटं, सगळं पूर्वीसारखं. फक्त ती काही विचारत नसे. रायर अंघोळ करून तिथं उभे असत. ती माळ उंबरठ्यावर ठेवी आणि फळीवरून परत जाई. मला वाटतं तिनं शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर त्यांनी तो हातात धरून ठेवला असता.

माझी बदली झाली. नव्वदच्या दशकात कधी तरी मद्रासला कामानं गेलो असताना वाट वाकडी करून मी कुंभकोणमला गेलो. रायर दाराशीच होते. फार वाळले होते, ऐकू कमी येत होतं. मी चपला काढत होतो तोच त्यांनी माझा हात धरला आणि गोठ्याच्या बोळातून, विहिरीवरून, मागच्या दाराशी नेलं. कडी काढली. काही म्हणाले नाहीत.

वाय्क्काल नव्हता. कुठून तरी, कुठल्या तरी योजनेतून, अखेर पैसे आले होते. कालव्यावर सिमेंटच्या लाद्या पडल्या होत्या, त्यावर सायकली लावल्या होत्या, कुणी वाळवण घातलं होतं. कोपऱ्यावर एका दगडावर पुष्कळ नावं कोरलेली होती. नळ जमिनीखाली गेला होता.

तेवढ्यात सेल्लम्मा आली. आता तिला फळी लागत नव्हती. केस पांढरे झाले होते, पान बंद झालं होतं. तिनं मला ओळखलं, मान हलवली. टोपली खाली ठेवून ती माळ मोजू लागली.

रायर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ते तमिळमध्ये हळूच म्हणाले, "विचार की, सेल्लम्मा."

त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं की हे ते रोज म्हणतात. ती कधी उत्तर देत नाही. त्या दिवशी बहुधा परका माणूस होता म्हणून तिनं दिलं. माळ तोडली, उंबरठ्यावर ठेवली, टोपली उचलली.

"झाकलं की आता, रायरे," ती म्हणाली. "काय विचारू?"